प्रोड्यूसरचा आवाज प्रेक्षकांनाही ऐकू येतोय: टॉकबॅक ऑन-एअर झिरपतो तेव्हा काय तपासायचं

थेट प्रक्षेपणात समालोचकासमोर ठेवलेल्या छोट्या कन्सोलमधून तीन वाटा जातात. समालोचकाचा आवाज प्रसारणाकडे जातो, ही पहिली. टॉकबॅकचं बटण दाबल्यावर तोच आवाज प्रसारणाऐवजी फक्त प्रोड्यूसरकडे वळतो, ही दुसरी. आणि प्रोड्यूसरच्या सूचना कार्यक्रमाच्या आवाजासह समालोचकाच्या कानात येतात, ही तिसरी. हिला सगळे आयएफबी म्हणतात, आणि दोन्ही बाजूंच्या या खासगी बोलण्याला टॉकबॅक. या वाटा एकमेकींत मिसळल्या की "दहा सेकंदांत ब्रेक", "कॅमेरा दोनकडे बघ" ही वाक्यं प्रेक्षकांपर्यंत पोचतात. प्रकाशझोतातली टेनिस-बॉल क्रिकेट स्पर्धा असो, कबड्डीचा सामना असो की मोठ्या ओबी व्हॅनवरचं, म्हणजे प्रक्षेपणाच्या फिरत्या गाडीवरचं काम, बिघाड तोच असतो आणि कारणंही ठरावीकच निघतात.

बहुतेक वेळा नवं कन्सोल आणायची किंवा मिक्सर बदलायची गरज नसते. हेडसेट, बटण किंवा राउटिंग (कोणता आवाज कुठे जातो त्याची जोडणी) यांपैकी एका ठिकाणी चूक सापडते. फक्त तपासणीचा क्रम पाळायला हवा, कारण दहा गोष्टी एकदम हलवल्या तर नेमकं काय दुरुस्त झालं ते कळत नाही आणि पुढच्या सामन्याला तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

आधी लक्षण नीट ओळखा

झिरपणारा आवाज कसा आहे, यावरून अर्धं निदान होतं. बंद कानाचा हेडफोन लावून रेकॉर्डिंगमध्ये किंवा मिक्सरवर समालोचकाच्या चॅनलचं पीएफएल (फक्त तेच चॅनल हेडफोनमध्ये ऐकवणारं बटण) दाबून ऐका. उघड्या स्पीकरवर ऐकू नका, खोलीतला गोंगाट फसवतो.

• प्रोड्यूसरचा आवाज बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, खर्ज नसलेला. समालोचक गप्प असताना जास्त जाणवतो. बहुधा हेडफोनमधून हवेवाटे माइकमध्ये शिरतोय.
• प्रोड्यूसरचा आवाज भरदार, स्वच्छ, अगदी समालोचकाच्या बरोबरीचा. समालोचकाचा माइक बंद असतानाही येतो. हे राउटिंग आहे.
• प्रोड्यूसरचा नाही, समालोचक प्रोड्यूसरशी जे बोलतो ते बाहेर जातं. टॉकबॅकचं बटण किंवा त्याची पद्धत तपासा.
• आवाज स्वच्छ पण हलका, आणि हेडफोनच्या व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होतो. हेडसेट डोक्यावर असो की टेबलावर, फरक पडत नाही. संशय वायरिंगवर.
• हेडफोनचा व्हॉल्यूम शून्य केला तरी आवाज तसाच. राउटिंग किंवा लांबच्या केबल.
• समालोचकाला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो अडखळतो. हा सख्खा भाऊ, त्याचा उपाय राउटिंगच्या भागात आहे.

पाच मिनिटांची चाचणी

सामन्याच्या किमान तासभर आधी करा. प्रोड्यूसरला टॉकबॅकवर एक ते वीस आकडे सावकाश म्हणायला सांगा. समालोचकाने पूर्ण गप्प बसायचं.

पहिलं, हेडफोनचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. झिरपणं थांबलं तर दोष हेडसेटच्या आसपास आहे. थांबलं नाही तर हेडसेटला दोष देऊ नका.

दुसरं, व्हॉल्यूम पुन्हा पहिल्या जागी आणा, हेडसेट काढा, दोन्ही कप एकमेकांवर घट्ट दाबून जाड टॉवेलात गुंडाळा आणि माइकची दांडी टॉवेलाबाहेर लांब ठेवा. आवाज बराच घटला तर तो हवेतून शिरत होता. जराही घटला नाही तर तो तारेतून येतोय. ही चाचणी फुकटची आहे आणि पुढचे दोन तास वाचवते.

तिसरं, मिक्सरवरचं समालोचकाचं चॅनल म्यूट करून कन्सोलची आयएफबी केबल काढा, मग म्यूट उघडून ऐका. आवाज थांबला तर तो या केबलमधून कन्सोलमध्येच शिरत होता. काही कन्सोलना वीजच या केबलमधून मिळते. तसं असेल तर कन्सोल बंद पडेल आणि निष्कर्ष चुकेल. आधी वेगळा पॉवर ॲडाप्टर लावून घ्या.

चौथं, पुन्हा म्यूट करून कन्सोलची मुख्य आउटपुट केबल काढा. तरीही प्रोड्यूसर प्रसारणात ऐकू येत असेल तर कन्सोल, हेडसेट, समालोचक, सगळे निर्दोष. थेट मिक्सरकडे जा.

म्यूट केल्याशिवाय केबल ओढू नका. त्या चॅनलवर ४८ व्होल्ट फँटम (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) चालू असेल तर जोराचा ठोका बसतो. तो स्पीकरला आणि कान लावून बसलेल्या माणसाला, दोघांनाही वाईट.

हेडसेट आणि बसण्याची जागा

सगळ्यात जास्त वेळा कारण इथेच सापडतं आणि खर्च शून्य असतो. समालोचकाचं टेबल मैदानाच्या भोंग्यासमोर मांडलेलं असतं. गोंगाटात सूचना ऐकू येत नाहीत म्हणून तो व्हॉल्यूम पूर्ण वाढवतो, आणि तोच आवाज कपाच्या कडेतून निसटून माइकमध्ये शिरतो. मिक्सरवर गेट (हलका आवाज आपोआप बंद करणारी सोय) लावून हे लपवता येतं, पण गेट उघडताना पहिलं अक्षर तुटतं आणि प्रेक्षकांचा गलबला धडधड बंद-चालू होतो. त्यापेक्षा टेबल भोंग्याच्या मागे किंवा बाजूला सरकवा. दहा-पंधरा फूट सरकवल्यानेही समालोचक आपणहून व्हॉल्यूम खाली आणतो.

कानांसाठीही हे गरजेचं आहे. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा सर्रास पाळली जाते, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. दिवसाला सहा सामने करणाऱ्या समालोचकाला ९४ डेसिबलवर बसवणं म्हणजे एका तासात त्याचा दिवसाचा वाटा संपवणं.

मग कपाच्या गाद्या पाहा. वरचं रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आला असेल तर सील राहत नाही. गाद्या वेगळ्या मिळतात, बदला. चष्म्याची जाड काडी आणि टोपीची कड कपाखाली आली तरी फट पडते. टोपी हेडसेटवरून घालायला सांगा. एका कानाचा हेडसेट असेल तर दुसऱ्या कानासाठी व्हॉल्यूम वाढवण्याचा मोह होतो. गोंगाटाच्या जागी दोन कानांचाच हवा.

माइक किती जवळ आहे ते बघा. अंतर निम्मं केलं की माइकला मिळणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. हनुवटीपाशी १० सेंटिमीटरवर लोंबणारा माइक ओठाच्या कोपऱ्याजवळ अडीच सेंटिमीटरवर आणला तर १२ डेसिबलचा फायदा, आणि तेवढाच गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करण्याचं प्रमाण, मिक्सरवर कमी करता येतो. गेन कमी झाला की झिरपणारा आवाजही तेवढाच खाली जातो. माइक तोंडासमोर नको, नाहीतर "प", "फ", "भ" फुटतात. हेडसेटच्या माइकला बहुधा पुढची आणि मागची बाजू असते. तोंडाकडची बाजू दाखवणारी खूण गालाकडे वळलेली असेल तर माइक समालोचकाला कमी आणि मैदानाला जास्त ऐकतो. हे हमखास पाहा, कारण दांडी फिरवून दुसऱ्या बाजूने घातली की खूण उलटी होते.

आणि टेबलावर पडलेला जादा हेडसेट! पाहुण्यासाठी ठेवलेला, पूर्ण व्हॉल्यूमवर, समालोचकाच्या माइकपासून फूटभर. त्याचा व्हॉल्यूम शून्य करा किंवा प्लग काढून ठेवा.

बटणं आणि त्यांच्या पद्धती

कफ बटण (खोकताना आवाज तोडायचं) दाबलं की मुख्य आउटपुट बंद, एवढंच. टॉकबॅक दाबलं की मुख्य आउटपुट बंद आणि आवाज प्रोड्यूसरकडे. समालोचक हे दोन उलटे लक्षात ठेवतो आणि खोकण्याऐवजी टॉकबॅक दाबतो, तेव्हा फार नुकसान नाही. खरा घोळ बटणाच्या पद्धतीत असतो. दाबून धरेपर्यंतच चालणारं बटण, एकदा टिचकी मारली की चालू राहणारं लॅच बटण, आणि दोन्ही करणारं मिश्र बटण, असे प्रकार असतात. मिश्र प्रकारात ओझरता स्पर्श झाला तरी टॉकबॅक अडकून राहतं. समालोचकाला वाटतं आपण ऑन-एअर आहोत आणि प्रेक्षकांना शांतता मिळते. मग तो गोंधळून परत दाबतो, आणि प्रोड्यूसरला उद्देशून बोललेलं वाक्य प्रसारणात जातं.

टॉकबॅक नेहमी दाबून धरायच्या पद्धतीवर ठेवा. कन्सोलच्या बुडाशी किंवा मागे छोट्या स्विचांची पट्टी असते किंवा मेनूत निवड असते. बदलण्याआधी मूळ स्थितीचा फोटो काढून ठेवा. मुख्य आउटपुट "सदैव चालू" ठेवणारी निवड काही कन्सोलांत असते, ती लागली आहे का तेही पाहा. मग चाचणी: समालोचकाने आकडे म्हणत टॉकबॅक दाबायचं, मिक्सरवरच्या मीटरने लगेच तळ गाठला पाहिजे. वीस वेळा दाबा. एकदाही मीटर हलला तर बटण झिजलंय किंवा आत ओल-धूळ गेलीय. रात्रीच्या सामन्यात दव पडतं, टेबलावर उघडं ठेवलेलं कन्सोल सकाळी असं वागतं.

मिक्सर आणि संगणकाचं राउटिंग

मध्यम आकाराच्या स्ट्रीमिंगमध्ये प्रोड्यूसरचा आवाज बहुतेकदा फोन कॉलमधून येतो आणि मिक्सरच्या एका चॅनलवर घेतलेला असतो, म्हणजे ऑक्समधून (मुख्य मिश्रणाव्यतिरिक्त आवाज पाठवायची वेगळी वाट) समालोचकांच्या हेडफोनला देता येईल. त्या चॅनलचं मेन एलआरचं (मुख्य मिश्रणात पाठवणारं) बटण दाबलेलंच राहतं. प्रोड्यूसर मग थेट मुख्य मिश्रणात. उपाय: त्या चॅनलवरून मेन एलआर काढा आणि ऑक्स प्री-फेडर करा, म्हणजे फेडर खाली असला तरी त्यात आवाज जाईल. छोट्या मिक्सरला एलआरचं बटण नसतं, तिथे फेडर किंवा लेव्हल पूर्ण खाली ठेवून फक्त प्री-फेडर ऑक्स उघडा, आणि फेडरवर टेप चिकटवा. कोणीतरी "आवाज येत नाही" म्हणून तो वर सरकवतोच.

ऑक्स पोस्ट-फेडर असेल तर फेडर खाली केल्यावर हेडफोनमधलाही प्रोड्यूसर जातो, मग तो वर केला जातो आणि पुन्हा झिरपतो. अनेक ठिकाणचा वारंवार येणारा बिघाड हाच असतो.

प्रक्षेपण ओबीएस या सॉफ्टवेअरवर असेल आणि त्याच लॅपटॉपवर प्रोड्यूसरचा व्हॉट्सॲप किंवा झूम कॉल चालू असेल, तर ओबीएसची "डेस्कटॉप ऑडिओ" ही वाट तो कॉल उचलून प्रसारणात टाकते. सेटिंग्जमध्ये ऑडिओखाली डेस्कटॉप ऑडिओ "डिसेबल्ड" करा. कॉल शक्यतो वेगळ्या फोनवर घ्या. व्हीमिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोड्यूसरचा इनपुट मास्टरवरून काढून फक्त वेगळ्या बसवर (आवाजाच्या वेगळ्या वाटेवर), ए किंवा बीवर ठेवा.

आता उशिरा येणाऱ्या स्वतःच्या आवाजाबद्दल. समालोचकाच्या कानात जाणाऱ्या कार्यक्रमाच्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वगळलेला हवा. यालाच मिक्स-मायनस म्हणतात. स्वतःचा आवाज त्याला कन्सोलच्या साइडटोनमधूनच, लगेच ऐकू यायला हवा. कारण असं: भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो, तिथून वर-खाली एक फेरा म्हणजे जवळपास पाव सेकंद. बोलताना अडखळायला साधारण एवढाच उशीर सगळ्यात घातक ठरतो. इंटरनेटच्या स्ट्रीमला तर कित्येक सेकंद लागतात. म्हणून यूट्यूबवरचं प्रसारण फोनवर लावून समालोचकाच्या कानात देणं कधीही करू नका. ब्लूटूथ हेडफोनही नको, तोही आवाज उशिरा देतो. दोन समालोचक वेगवेगळ्या गावांतून बोलत असतील तर प्रत्येकाचं मिक्स-मायनस वेगळं बनवा, एकच दोघांना वाटून देता येत नाही.

हेडसेटची तार

टॉवेलाच्या चाचणीत आवाज घटला नसेल तर इथे या. आधी हेडसेट बदलून पाहा, मग एक्स्टेंशन केबल काढून हेडसेट थेट कन्सोलला लावा. थेट लावल्यावर दोष गेला तर केबल फेकायच्या पेटीत.

हे का होतं ते आकड्यांत कळतं. डायनॅमिक माइक जवळून बोलल्यावर साधारण २ मिलिव्होल्ट देतो. ८० ओहमचे दोन कप, ०.१ व्होल्ट म्हणजे मध्यम व्हॉल्यूम. दोन्ही कपांची परतीची तार एकच असते, तिच्यातून २.५ मिलिॲम्पिअर जातात. कोणी १० मीटरच्या बारीक ०.२२ चौरस मिलिमीटर तारेत माइकची आणि हेडफोनची परतीची तार एकच केली असेल, तर त्या तारेचा विरोध सुमारे ०.७८ ओहम. गुणाकार केला की जवळपास २ मिलिव्होल्ट, म्हणजे प्रोड्यूसर समालोचकाच्या बरोबरीने माइकच्या वाटेत उभा. म्हणून एक्स्टेंशनमध्ये माइकची परती आणि हेडफोनची परती शेवटपर्यंत वेगळ्या हव्यात.

पाच पिनांच्या एक्सएलआर (आवाजाच्या केबलचा गोल प्लग) हेडसेटची नेहमीची मांडणी: १ माइक परती, २ माइक, ३ हेडफोन परती, ४ डावा, ५ उजवा. तरी आपल्या कन्सोलचं मॅन्युअल आधी उघडा. हेडसेट कन्सोलमधून काढून आणि कानावरून उतरवून मल्टिमीटर ओहमवर लावा. १ आणि २ मध्ये माइकचा, ३-४ आणि ३-५ मध्ये कपांचा विरोध दिसावा. २००/८० प्रकारच्या हेडसेटला अनुक्रमे दोनशे आणि ऐंशीच्या आसपास. १ आणि ३ मध्ये काहीच जोड दिसू नये. दिसली तर प्लगमध्ये दोन्ही शील्ड एकत्र सोल्डर झालेत. वेगळे करून डाग द्या. फक्त बीपवर विसंबू नका, ओहमचा आकडा वाचा.

मोबाइलचा चार कड्यांचा हेडफोन प्लग वापरून हे काम करणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवं: त्यात माइक आणि हेडफोनची जमीन एकच असते, त्यामुळे थोडं झिरपणं त्याच्या रचनेतच आहे. माइक वेगळ्या एक्सएलआर केबलने आणि हेडफोन वेगळ्या प्लगने जोडा, दुसरा इलाज नाही.

लांबच्या केबल

हेडफोन शून्यावर असतानाही हलका आवाज येतो आणि राउटिंग स्वच्छ आहे, तर स्टेजपासून व्हॅनपर्यंतची मल्टिकोर (अनेक लाइनी एकत्र असलेली जाड केबल) पाहा. माइक पातळीचा सिग्नल आणि टॉकबॅकचा मोठा सिग्नल शेजारी धावतात. तिच्यातल्या तीन पिनांच्या लाइनची पिन २ किंवा ३ ची तार तुटली की लाइनचा तोल जातो: आवाज ६ डेसिबलने पडतो, गेन वाढवला जातो, आणि शेजारचा टॉकबॅक व घरघर दोन्ही आत येतात. म्हणून "त्या चॅनलला गेन जास्त लागतो" ही तक्रार ऐकली की आधी दोन्ही टोकांचे पिन मोजा. कन्सोलचा मुख्य आउटपुट लाइन पातळीचा असेल तर मिक्सरच्या लाइन इनपुटलाच द्या. मोठा सिग्नल लांब पाठवला की शेजाऱ्याचा त्रास आपोआप नगण्य होतो.

एक धोका नीट समजून घ्या. इंटरकॉमच्या आणि आयएफबीच्या केबलही तीन पिनांच्या एक्सएलआरच असतात, पण त्यांत डीसी वीज असते. क्लिअर-कॉम पद्धतीत पिन २ वर सुमारे ३० व्होल्ट, पिन ३ वर आवाज. आरटीएस पद्धतीत पिन २ वर वीज आणि पहिल्या चॅनलचा आवाज, पिन ३ वर दुसऱ्या चॅनलचा. ती केबल माइकच्या इनपुटला लागली तर आवाज झिरपण्यापुरतं राहत नाही, इनपुट जळू शकतो, आणि तिला रिबन माइक लागला तर त्याच्या आतली नाजूक पट्टी तुटू शकते. वीज असलेल्या केबलना दोन्ही टोकांना लाल टेप लावा. क्लिअर-कॉम लाइनवर २०० ओहमचं टर्मिनेशन (लाइनवर जोडलेला ठरावीक विरोध) एकच हवं. नसेल तर टॉकबॅक भलताच मोठा होतो, शिट्टी मारतो आणि सगळीकडे पसरतो.

थांबा आणि माणूस बोलवा

झिरपण्याबरोबर ५० हर्ट्झची जाड घरघर असेल, किंवा माइकच्या जाळीला ओठ लागल्यावर मुंग्या येत असतील, तर तपासणी तिथेच थांबवा. समालोचकाला उठवा. हा अर्थिंगचा किंवा न्यूट्रलचा दोष आहे, आवाजाचा नाही. जनरेटरवर न्यूट्रल सुटला तर २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत उपकरणांवर येऊ शकतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने मोजल्याशिवाय काही चालू करू नका. थ्री-पिनचा वरचा अर्थचा पाय कापून घरघर घालवणारे लोक भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. घरघर तोडायची तर आवाजाच्या लाइनवर १:१ ट्रान्सफॉर्मर लावतात, विजेचं अर्थिंग सोडत नाहीत.

हेडसेट आणि आयएफबी काढूनही कन्सोलच्या मुख्य आउटपुटवर टॉकबॅक येतो, बटण वीसपैकी एकदा चुकतं, किंवा कन्सोल गरम होऊन वास येतो, तर झाकण उघडू नका. ते काम ब्रॉडकास्ट इंजिनिअरचं. दुसऱ्याच्या ओबी व्हॅनचं इंटरकॉम मॅट्रिक्सही (कोणाचा आवाज कोणाला जातो ते ठरवणारी यंत्रणा) स्वतः बदलू नका. तिथला एक क्रॉसपॉइंट, म्हणजे एक जोड, हलला की दुसऱ्या कोणाच्या कानात भलताच आवाज जातो. त्यांच्या इंजिनिअरला सांगा.

सामना सुरू असतानाच झिरपू लागलं तर तात्पुरतं एवढंच करा: हेडफोनचा व्हॉल्यूम उतरवा, प्रोड्यूसरने सूचना तीन-चार शब्दांत आणि समालोचक बोलत असतानाच द्यावी, म्हणजे ती त्याच्या आवाजाखाली दबेल. मैदानाच्या माइकचा आवाज थोडा वर ठेवा. केबल ओढाओढी मध्यंतरातच.

इंजिनिअरला बोलावताना हे लिहून हातात द्या: चारपैकी कोणत्या चाचणीत आवाज थांबला, व्हॉल्यूमबरोबर तो बदलतो का, हेडसेट आणि एक्स्टेंशन बदलून काय झालं, हेडसेटच्या पिन १ आणि ३ मधला ओहमचा आकडा, टॉकबॅक बटणाची पद्धत, आणि मिक्सरवर प्रोड्यूसरचं चॅनल कुठे कुठे जोडलंय त्याचा फोटो.